हवाईपट्टीवरची वाट

गोंदियापासून दहा-बारा किलोमीटरवर बिरसीची हवाईपट्टी आहे. आता तिला विमानतळ म्हणतात. पण आमच्या टोल्यावरच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘हवाईपट्टी’च आहे, आणि विमानाला ते ‘इमान’ म्हणतात. ‘इमान आला’, ‘इमान गेला’. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून हसतो. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

ही पट्टी इंग्रजांनी बांधली, १९४० च्या सुमारास. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. गोंदिया तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं. रेल्वेचं मोठं जंक्शन, भोवती सपाट जमीन, दगड-मुरूम जवळच. आजा सांगे, गावोगावच्या बंड्या कामाला लावल्या होत्या, मुरूम वाहायला. रोजी रोख मिळे, म्हणून माणसं रोवणी सोडून तिकडे पळत. युद्ध संपलं, फौज गेली, पट्टी राहिली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आली. खात्याचा एखादा माणूस कधीमधी येऊन बघून जाई. एरवी ती कोणाचीच नव्हती. म्हणजे आमची होती.

आमची म्हणजे कशी, ते सांगायला पाहिजे. कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

आमचा भाग धानाचा. आखाडात रोवणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग पुंजणे रचायचे आणि सवडीनं चुरायचे. ज्याच्याकडे बांध्या आहेत त्याचं स्वतःचं खळं असतं. ज्याच्याकडे बांधी नाही तो काय करणार? टोल्यावर अशी घरं निम्म्याहून जास्त होती. त्या घरच्या बाया कापणी झालेल्या बांध्यांतून सरवा वेचत. पदरात, टोपलीत लोंबी-लोंबी गोळा करून आणत आणि वाळवायला हवाईपट्टीवर नेत. पट्टी उन्हानं तापलेली असे. धान एका दिवसात कडक वाळे. शेणानं सारवायची गरज नाही, खडा लागत नाही, ओल वर येत नाही. इतकं मोठं खळं सगळ्या झाडीपट्टीत कोण्या मालगुजाराकडेही नसेल.

थंडी सरली की मोह. पट्टीच्या पूर्वेच्या अंगाला मोहाची बरीच झाडं होती. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं गळतात. तांबडं फुटायच्या आधी टोपल्या घेऊन बाया आणि पोरं झाडाखाली. ऊन चढायच्या आत वेचणं संपवायचं आणि तिथंच, दहा पावलांवर, पट्टीवर पसरून द्यायचं. तीन-चार दिवसांत फुलं वाळून लालसर होत. पुढे पावसाच्या तोंडावर त्याच झाडांच्या टोऱ्या. टोरीचं तेल दिव्याला, अंगाला, कधी भाजीलाही. भूमिहीन घराला वर्षातले दोन-अडीच महिने या झाडांनी काढून दिले, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

शिवाय पट्टीवर ढोरकी ढोरं घेऊन बसे. थंडीत गाई तिच्यावरून उठत नसत, कारण रात्रीसुद्धा ती कोमट राही. आम्ही सायकल तिथं शिकलो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तिथं धावत. आणि पट्टीला आडवी छेदून एक पायवाट जाई. पलीकडच्या बांध्या, बाजाराचं गाव, मोठ्या वर्गांची शाळा, सगळं त्या वाटेनं. मी त्याच वाटेनं शिकलो आणि पुढे मास्तर झाल्यावर त्याच वाटेनं शाळेत गेलो.

१९९८ मध्ये पट्टी औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री तेव्हा गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल होते. पेपरात रोज काहीतरी येऊ लागलं. पट्टी लांब होणार, वैमानिक तयार करणारी शाळा येणार, मोठी विमानं उतरणार. टोल्यावर आनंदच होता. लोक म्हणत, आपल्या भागाला धान आणि बिडीशिवाय दुसरं काय आहे? येऊ द्या काहीतरी. मीही तेच म्हणत होतो.

मग एक दिवस ग्रामपंचायतीत नकाशा आला.

मोठा कागद, टेबलावर मावेना. चार कोपऱ्यांवर चार माणसांनी हात ठेवून तो दाबून धरला. सोबत एक तरुण इंजिनीअर होता, शांत बोलणारा. त्यानं पट्टी दाखवली, वाढणारा भाग दाखवला, इमारतीची जागा, भिंतीची रेघ. नकाशा सुबक होता. पण पट्टीच्या आजूबाजूला, जिथं आमची अर्धी जिंदगी गेली, तिथं कागद कोरा होता. एका ठिकाणी मोकळी जागा असा शेरा होता, बस.

मागे बाया उभ्या होत्या. त्यांतून टोल्यावरची एक म्हातारी पुढे आली. माझ्या आईच्या वयाची, आम्ही तिला मोठीमाय म्हणायचो. जमीन एक डिसमिलही नाही, नवरा लवकर गेलेला, दोन पोरं सरव्यावर आणि मोहावर वाढवलेली. तिनं कागदाकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, “का गा गुर्जी, याच्यात मायी वाट कोठी हाये?”

मी शोधली. वाट नव्हती. भिंतीची रेघ तिच्यावरून सरळ गेली होती.

इंजिनीअरला मी विचारलं. त्यानं टाळाटाळ केली नाही. म्हणाला, “गुरुजी, धावपट्टी आडवी ओलांडून रस्ता ठेवताच येत नाही. विमान उतरताना समोर गाय आली तर?” मी धान वाळवण्याचं काढलं. तो म्हणाला, “धान म्हटलं की पाखरं आली. पाखरू इंजिनात गेलं की विमानाला धोका.” मोहाच्या झाडांचं विचारलं. विमान उतरतं-चढतं त्या दिशेला ठरावीक उंचीच्या वर काही ठेवता येत नाही, झाड नाही की घर नाही, असं त्यानं हातानं तिरपी रेघ काढून समजावलं. त्याचं एकही बोलणं खोटं नव्हतं. तो त्याच्या कामात चोख होता. फक्त त्याला जो कागद दिला होता त्यावर आम्ही नव्हतो.

त्या रात्री मी तलाठ्याकडून आणलेला जुना गाव-नकाशा काढून बसलो. वाट त्यावर होती, तुटक रेघेची. आणि आमच्या विदर्भात आणखी एक कागद असतो, निस्तारपत्रक. गावाची ढोरं कुठं चरतील, सरपण कुठून आणायचं, वहिवाटीचे रस्ते कोणते, हे त्यात लिहिलेलं असतं. मालगुजारी गेली तरी हा दस्त राहिला; महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्यातही त्याला जागा आहे. आमच्या गावच्या पत्रकात वाट लिहिलेली होती. मोह आणि वाळवण लिहिलेलं नव्हतं. साहजिकच होतं. ती जागा लष्करासाठी घेतलेली, नंतर खात्याची. तिथं गावाचा हक्क कोण लिहिणार? साठ वर्षं बायांनी तिथं धान पसरलं होतं, पण त्याचा कागद कुठंच नव्हता.

तेव्हा जमीन घ्यायचा कायदा १८९४ चा, इंग्रजांचाच. कलम ४ ची अधिसूचना निघाली की ३० दिवसांत कलम ५-अ खाली हरकत द्यायची. पण कोणी? ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्यानं. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला नोटीस. मोठीमायला नोटीस आली नाही. येणारच नव्हती. तिचं काही जात नव्हतं, कायद्याच्या हिशेबानं.

नोटीस आली ती आमच्या घरी. साडेतीन एकरांतली दीड एकर जात होती. जमीन बाबांच्या नंतर धाकट्या भावाच्या हाती होती, मी नोकरीत. मी हरकतीचं काढलं तसा तो उसळला. “दादा, एका वाटेपायी सगळ्यांचे पैसे अडकवता काय? तुमचा पगार सुरू आहे. मायं काय?” त्याच्या पोरीचं लग्न ठरत आलं होतं. डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं. दीड एकराचे पैसे एकरकमी मिळणार, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. टोल्यावरच्या जमीनवाल्या सगळ्या घरांत हेच चाललं होतं. हरकत दिली की काम लांबणार, लांबलं की मोबदला लांबणार. भूमिहीन घरांना वाटे, हे पैशासाठी आम्हाला विकून मोकळे होतील. आठ-पंधरा दिवस टोल्यावर लोक एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जात. मंडईच्या दंडारीसाठी एकत्र वर्गणी काढणारा टोला, पण त्या साली वर्गणीसुद्धा दोन ठिकाणी गोळा झाली.

मी अर्जाचा मसुदा केला. जमिनीला विरोध नाही, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. तीन गोष्टी मागितल्या. भिंतीच्या बाहेरून वळसा घालून जाणारा रस्ता. वाळवणासाठी गावाला एक सामाईक पक्का ओटा. आणि मोहाची जी झाडं तोडल्याशिवाय चालेल ती राखून त्यांपर्यंत जायची मुभा. झाडं किती, हे सांगण्यासाठी आम्ही एक सकाळ मोजणी केली. कोतवाल, मी आणि बाया. बायांना झाडं मोजायची गरजच पडली नाही. त्या नावानं सांगत होत्या: हा आंबट्या, हा उशिरा गळणारा, ही बुढी, हिला एक साल आड फुलं येतात. मी वहीत नुसते आकडे लिहीत होतो.

अर्ज तयार झाला, पण सही करणारा पाहिजे होता. सातबारावाला.

भावानं सही केली, ती माझ्या बोलण्यानं नाही. एके दिवशी तो बंडी घेऊन पलीकडच्या बांधीत खत टाकायला गेला होता. आमची उरणारी दोन एकर पट्टीच्या पलीकडे होती. वाटेत खांब रोवायला खड्डे खणलेले. त्याला मोठ्या रस्त्यानं जावं लागलं, आणि जिथं पाऊण तासात एक खेप होई तिथं अर्धा दिवस गेला. घरी येऊन त्यानं बैलांना पाणी दाखवलं आणि मला म्हणाला, “आणा तो कागद.” त्याच्यामागे आणखी सात-आठ जणांनी सह्या केल्या. सगळ्यांची शेतं पलीकडे होती.

सुनावणी झाली. साहेबांनी ऐकून घेतलं. मोठीमायला मी मुद्दाम नेलं होतं. तिनं विचारलं, “साहेब, तुमच्या कागदावर इमान कोठी उतरते ते हाये. आमी कोठी चालाचं ते काहून नाही?” साहेब हसले, पण त्यांनी ते टिपून घेतलं, हे मी पाहिलं.

रस्ता मिळाला. भिंतीच्या बाहेरून, आधी मुरमाचा, नंतर डांबरी. वाटेपेक्षा दूर पडतो, पण बंडी जाते, शाळेची पोरं जातात, पावसाळ्यात चिखल होत नाही. ओट्याचं पत्र बरीच वर्षं या कचेरीतून त्या कचेरीत फिरलं आणि कुठंतरी थांबलं. मोहाची झाडं गेली. उंचीत बसत नव्हती ती गेली आणि बसत होती ती भिंतीच्या आत राहिली. आत जायला परवाना लागे आणि मोह वेचायला कोण परवाना देणार?

निकाल टोल्यावर कळला तेव्हा मोठीमाय ओट्यावर बसून सूप पाखडत होती. तिनं हात थांबवले नाहीत. भावाकडे बघून म्हणाली, “तुयी बांधी पलीकडे होती म्हनून मायी वाट वाचली, बापा. मोहाखाली तुमी कोनी नव्हते.”

मी पुढे खूप विचार केला, पण त्या गोष्टीचा याहून नेमका अर्थ मला लावता आला नाही. वाट भूमिहीनांची होती तशी शेतवाल्यांचीही होती. म्हणून तिला सह्या मिळाल्या. मोह एकट्या भूमिहीनांचा होता. त्याच्यासाठी सही करायला पात्र असं कोणी नव्हतं. आमच्यातल्या कोणाच्या मनात पाप होतं असं नाही. कायदा सातबारा वाचत होता, आणि सातबाऱ्यावर मोठीमाय नव्हती.

भावाचे पैसे आले. पोरीचं लग्न नीट झालं, कर्ज फिटलं, उरल्यात त्यानं घरावर स्लॅब टाकला. सगळ्यांचं असं झालं नाही. कोणी मोटारसायकली घेतल्या आणि दोन सालांत त्या विकल्या. पट्टी लांब झाली, सव्वादोन किलोमीटरच्या पुढे गेली. वैमानिकांची शाळा सुरू झाली. छोटी विमानं सकाळपासून टोल्यावर घिरट्या घालू लागली. उतरायचं, टेकायचं आणि लगेच पुन्हा वर. पहिल्या महिन्यात कोंबड्या सैरावैरा पळत, मग त्यांनाही सवय झाली. टोल्यावरच्या काही पोरांना तिथं पहाऱ्याचं, बागेचं, सफाईचं काम लागलं. मोठीमायचा नातू त्यांतलाच. त्याच्या पगारावर तिच्या म्हातारपणाची शेवटची वर्षं, खरं सांगायचं तर, मोहाच्या दिवसांपेक्षा सुखात गेली. हेही लिहिलं पाहिजे. नाहीतर मोहाच्या वासात आपण विसरतो की त्या दिवसांत टोल्यावर पोरं उपाशी निजत होती.

१३ मार्च २०२२ ला इथून प्रवासी विमान उडालं. इंदूर–गोंदिया–हैदराबाद. ते काही महिन्यांनी बंद पडलं. मग १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद आणि तिरुपतीला जोडणारं दुसरं सुरू झालं. तिरुपतीचं ऐकून टोल्यावरच्या म्हाताऱ्यांनी हिशेब केला, पण गेलं कोणी नाही. मोठीमाय तोवर राहिली नव्हती.

दरम्यान कायदाही बदलला. १८९४ चा जाऊन २०१३ चा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू. मी निवृत्त झालो होतो. गोंदियाच्या एका वकिलाकडे बसून तो वाचला. त्यात ‘बाधित कुटुंब’ कोणाला म्हणायचं ते लिहिलं आहे. फक्त जमीनवाला नाही. जमीन घेण्याच्या आधी तीन वर्षं ज्याचं पोट त्या जमिनीवरच्या कामावर होतं तो शेतमजूर, कूळ, कारागीरही त्यात आला. रानातला माल गोळा करणाराही आला. जमीन घेण्याआधी गावात येऊन कोणावर काय परिणाम होईल ते तपासायचं, गावकऱ्यांचं जाहीर ऐकून घ्यायचं, हेही आलं. मी ते पान दोनदा वाचलं. मोठीमायला जे साहेबांसमोर विचारावं लागलं, ते आता कागदावर आधीच विचारलेलं होतं. कायदा गावात कसा वापरला जातो ही वेगळी गोष्ट, आणि कसा टाळला जातो ही आणखी वेगळी. पण नाव तरी आलं.

अशा जुन्या हवाईपट्ट्या देशात बऱ्याच आहेत, युद्धात घाईनं बांधलेल्या आणि मग सोडून दिलेल्या. आज ना उद्या त्यांचे नकाशे निघतील. कुठं विमानतळ होईल, कुठं कारखाने, कुठं वसाहत. ज्यांच्या गावाशेजारी अशी पट्टी आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे. नकाशा यायची वाट बघू नका. आधीच एक वही करा. कोणत्या महिन्यात कोण तिथं येतं, काय वाळवतं, काय वेचतं, ढोरं कुठून पाण्यावर जातात, वाट कुठून कुठं जाते, झाडं किती. तारखा घाला, ग्रामसभेत वाचा, ठरावात घ्या. आणि वही लिहायला जमीनवाल्यांबरोबर सरवा वेचणाऱ्या बायांना बसवा. पट्टी रिकामी नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

आमच्या वळसा रस्त्यावर हल्ली नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर गाडी जरा हळू चालवा. डांबराच्या एका अंगाला धान पसरलेलं असतं, दोन्ही टोकांना दगड मांडलेले. बाजूला मोठीमायची सून बसलेली असते, हातात पाखरं हाकायची काठी. भिंतीपलीकडून विमान उठतं, ती मान वर करत नाही. तिचं लक्ष चिमण्यांकडे असतं.